कानातले पाणी आणि तोलाची परीक्षा

ऐकू कमी आले की माणूस डॉक्टरकडे जातो. पण कानाचे दुसरे काम म्हणजे शरीराचा तोल सांभाळणे. ते हळूहळू बिघडले, तर पुष्कळदा कळतही नाही. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या दोन शाखा असतात: एक ऐकण्याची, दुसरी तोलाची. दोघी शेजारी असल्याने एकीचा आजार दुसरीला गाठू शकतो. तो तोलाच्या शाखेपर्यंत पोहोचला का, हे प्रत्येक कान वेगळा तपासून पाहण्याची रीत रॉबर्ट बारानी यांनी दिली.

बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्नात झाला. लहानपणी हाडांचा क्षय झाल्याने त्यांचा एक गुडघा कायमचा आखडला. १९०० मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे कर्णरोगतज्ज्ञ आडाम पोलित्झर यांच्या चिकित्सालयात काम करू लागले. तिथे पिचकारीने कान धुताना काही रुग्णांना गरगरे आणि त्यांचे डोळे एका बाजूला झटके देत हलू लागत. पाणी गार असल्याची तक्रार एका रुग्णाने केली, म्हणून गरम पाणी मागवले, तर ते फारच गरम निघाले. पुन्हा चक्कर आली. मात्र आता डोळ्यांचे झटके उलट दिशेने होते!

बारानींना उत्तर सापडले ते बंबातल्या पाण्यासारखे. गरम पाणी वर चढते, गार खाली उतरते. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रवही तसाच हलतो आणि डोके स्थिर असूनही मेंदूला ते फिरल्याचा संदेश जातो. नलिका किंवा तिचा मज्जातंतू निकामी असेल, तर डोळे हलतच नाहीत.

पहिल्या महायुद्धात ते आखडलेल्या गुडघ्यानिशी सैन्यात डॉक्टर म्हणून गेले. १९१५ मध्ये प्शेमिशलचा किल्ला पडला आणि ते रशियनांचे कैदी झाले. मध्य आशियातील मर्वच्या छावणीत असतानाच त्यांना १९१४ चे नोबेल जाहीर झाले. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसमार्फत खटपट केली आणि १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली. पण व्हिएन्नात मानाऐवजी आरोप वाट्याला आले: इतरांच्या कामाचे श्रेय त्यांनी पुरेसे दिले नाही, असे सहकारी म्हणू लागले. ते स्वीडनमधील उप्सालाला गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. ८ एप्रिल १९३६ रोजी, साठी पूर्ण होण्याच्या दोन आठवडे आधी त्यांचे निधन झाले.

त्यांची चाचणी आजही होते. साधारण ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे पाणी किंवा गार-गरम हवा कानात सोडून डोळ्यांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपतात. आवाज कानात पोहोचूनही शब्द उमगत नाहीत, असा श्रवण-मज्जातंतूचा विकार असलेल्यांत किंवा या मज्जातंतूवर गाठ असलेल्यांत ती महत्त्वाची ठरते. अशा व्यक्तीला चक्कर येत असेलच असे नाही. डोळे आणि पाय मेंदूला सावरून घेतात. उणीव उघडी पडते ती अंधारात, खाचखळग्यांच्या वाटेवर, पडल्यावर. म्हणून श्रवण-मज्जातंतूचे निदान झाले असेल, तर तोलाची तपासणी हवी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. घरी कानात पाणी घालून हा प्रयोग मात्र करू नये. पडद्याला भोक असेल तर ते महागात पडेल.