पायवाटेवरची शाळा

वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याला गेलेला यात्रेकरू नृसिंह सरस्वतींची जन्मकथा ऐकल्याशिवाय सहसा परतत नाही. मुंज होईपर्यंत मुका वाटणारा नरहरी मुंजीच्या वेळी वेद म्हणू लागला, पुढे आईची समजूत घालून त्याने घर सोडले आणि काशीची वाट धरली, असे गुरुचरित्र सांगते. मुलाने ज्ञानासाठी घर सोडावे, दूरचा मुलूख पायी तुडवावा, याचे आपल्याकडे नेहमीच कौतुक झाले. मुलीच्या वाट्याला मात्र एकच प्रवास येई. माहेरच्या उंबऱ्यापासून सासरच्या उंबऱ्यापर्यंतचा. एकोणिसाव्या शतकात एका मराठी मुलीच्या नशिबी वेगळीच वाट आली. शाळेचे तोंडही न पाहता ती विदुषी झाली आणि तरुणपणीच निम्मा हिंदुस्थान पायी हिंडली. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

या कथेची सुरुवात रमाबाईंच्या वडिलांपासून करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे हे पुण्यात शिकलेले विद्वान. पेशव्यांच्या घरातली स्त्री आपल्या गुरूंकडून संस्कृत शिकते, हे त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले आणि आपल्याही घरी असेच व्हावे, हे मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते जमले नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई लग्नात अवघी नऊ वर्षांची होती. तिला त्यांनी संस्कृत शिकवायला घेतले, तसा समाज खवळला. उडुपीच्या पंडितांसमोर त्यांना शास्त्राधार दाखवून आपली बाजू मांडावी लागली. पुढे त्यांनी सह्याद्रीत, आजच्या कर्नाटकात असलेल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाचा जन्म झाला.

रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या टोपलीत तिला ठेवून ती टोपली एका माणसाच्या डोक्यावर दिली, आणि असा तिचा पहिला प्रवास घडला. त्यानंतर घर असे राहिलेच नाही. आज या क्षेत्री, उद्या त्या क्षेत्री. देवळाच्या ओवरीत पुराण सांगायचे आणि मिळेल त्यावर गुजराण करायची. वडील थकले होते, म्हणून रमेला शिकवण्याचे काम आईने घेतले. पहाटे झोपेतल्या पोरीला उठवून लक्ष्मीबाई पाठ देत. पाटी नव्हती, पुस्तकेही मोजकीच. घोकून घोकून भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत झाले. मोठ्या बहिणीच्या लग्नाचा अनुभव कडू ठरल्याने रमेचे लग्न बालपणी करायचे नाही, असे वडिलांनी ठरवले होते. त्या काळात हे धाडसच.

पण या घरच्या शाळेत एक मोठी उणीव होती. विद्या भरपूर होती, हाताला काम मात्र कोणीच शिकवले नव्हते. मोलमजुरी ब्राह्मणाने करायची नाही आणि भीक मागायची लाज. होती ती पुंजी दानधर्मात आणि यात्रेत संपली. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा ही विद्वान माणसे उपाशी पडली. काही दिवस रानातला पाला खाऊन काढले. प्रथम वडील गेले, थोड्याच महिन्यांत आई गेली. आईच्या वेळी खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. उंची कमी पडली म्हणून तिने तिरडीचा तो कोपरा डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैल दूर होते. पाठोपाठ मोठी बहीणही गेली.

उरले दोघे भाऊबहीण. ती उत्तरेकडे चालत निघाली. पायात वहाण नाही, अंगावर पुरेसे पांघरूण नाही. झेलमच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून दोघे त्यांत निजली आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. तोवर आईवडिलांनी सांगितलेले व्रत, स्नान, उपास सगळे त्यांनी मनोभावे केले होते. या वाटेवर मात्र रमेला प्रश्न पडू लागले. इतके करूनही देव का पावत नाही? गावोगावच्या बालविधवांनी असा काय अपराध केला? हे प्रश्न पाठांतरात नव्हते. ते चालता चालता डोळ्यांनी पाहिल्यावर सुचले.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत ऐकून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. व्याख्यानांसाठी तिने धर्मशास्त्रे वाचायला घेतली. एरवी एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रीला हीन लेखण्यात मात्र एकमताचे आहेत, हे तिच्या ध्यानात आले. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद ठेवले. स्त्रियांना जे वाचायची मनाई, तेच ती वाचू लागली. वडिलांनी दिलेल्या विद्येने ती आता वडिलांच्या वाटेपलीकडे गेली होती.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात न पाहता, नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोन वर्षांच्या आत पतीही पटकीने गेले. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्याला आल्या. १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर तयार करण्याची मागणी केली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तो देश पाहिला. तिथली माणसे, शाळा आणि संस्था यांचे वर्णन त्यांनी मराठीत लिहिले. ते पुस्तक १८८९ मध्ये आले.

त्याच वर्षी मुंबईत त्यांचे शारदा सदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी. सदन पुण्याला हलल्यावर धर्मांतराच्या शंकेवरून वादळ उठले. रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखेही दूर झाले. तो वाद खरा होता आणि त्याची दोन्हीकडे सल राहिली.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीची भूक रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या वऱ्हाडातही भीषण होता. त्या वेळी त्यांनी गुजरातेतूनही शेकडो मुली आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात या मुली अक्षरे गिरवत आणि त्याबरोबर विणकाम, शेती, छपाईही शिकत. आपल्या घरच्या शाळेत काय कमी होते, हे रमाबाईंना पक्के ठाऊक होते. विद्या असूनही उपाशी मरावे लागते, हे त्यांनी आईबापांच्या मरणातून शिकले होते.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलत्या एका मुलीच्या मागे रमाबाई नऊ महिनेही राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत त्या हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणत होत्या. पहाटे आईकडून भाषा शिकलेल्या मुलीचे ते शेवटचे काम. आणि ते ग्रंथरूपाला आले मुक्ती सदनाच्या छापखान्यात, खिळे जुळवायला शिकलेल्या मुलींच्या हातून.