अ‍ॅलिक आयझॅक्स

अ‍ॅलिक आयझॅक्स (जन्म : १७ जुलै १९२१, ग्लासगो, स्कॉटलंड, मृत्यू : २६ जानेवारी १९६७, लंडन) हे ब्रिटिश विषाणुशास्त्रज्ञ होते. स्वित्झर्लंडचे जाँ लिंडेनमान यांच्यासमवेत त्यांनी १९५७ साली ‘इंटरफेरॉन’ या प्रथिनाचा शोध जाहीर केला. पेशींनी परस्परांना संदेश देण्यासाठी स्रवलेल्या प्रथिनांना पुढे सायटोकाइन हे नाव मिळाले. इंटरफेरॉन हे त्या गटातील सर्वांत आधी ओळखल्या गेलेल्या प्रथिनांपैकी एक होय.

शिक्षण व प्रारंभीचे कार्य

आयझॅक्स यांचा जन्म एका ज्यू कुटुंबात झाला. ग्लासगो विद्यापीठातून १९४४ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली; परंतु त्यांचा ओढा रुग्णसेवेपेक्षा संशोधनाकडे अधिक होता. शेफील्ड येथे इन्फ्लुएंझाच्या विषाणूंचा अभ्यास केल्यानंतर ते ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे मॅकफार्लेन बर्नेट यांच्या प्रयोगशाळेत गेले. एका विषाणूच्या संसर्गामुळे त्याच पेशींत दुसऱ्या विषाणूच्या वाढीला अटकाव होतो, या ‘विषाणू व्यतिकरणा’वर त्यांनी तेथे काम केले. मेलबर्नमध्येच त्यांचा विवाह सुझाना फॉस यांच्याशी झाला. त्या पुढे बालमानसोपचारतज्ज्ञ झाल्या. इंग्लंडला परतल्यावर आयझॅक्स लंडनजवळील मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत रुजू झाले. तेथील जागतिक इन्फ्लुएंझा केंद्राची जबाबदारीही त्यांच्याकडे होती.

इंटरफेरॉनचा शोध

लिंडेनमान १९५६ मध्ये मिल हिलला आले. दोघांनी उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणावरणाच्या तुकड्यांसह क्षारद्रावणात ठेवला. नंतर ते द्रावण वेगळे काढून ताज्या तुकड्यांवर घातले असता त्या तुकड्यांत जिवंत विषाणूची वाढ रोखली गेली. पेशींनीच काही संरक्षक द्रव्य बाहेर सोडले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. व्यतिकरण घडवून आणणारे म्हणून त्याला इंटरफेरॉन हे नाव देण्यात आले. जपानमध्ये यासुइची नागानो व यासुहिको कोजिमा यांनाही १९५४ मध्ये अशाच विषाणुरोधक घटकाची चाहूल लागली होती.

संशय आणि अडचणी

हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात निर्माण होत असे आणि इतर प्रथिनांपासून ते वेगळे करणे अतिशय कठीण होते. शुद्ध नमुना हाती नसल्यामुळे असे प्रथिन खरोखर आहे काय, अशी शंका अनेक शास्त्रज्ञ घेऊ लागले. काहींनी तर त्याच्या नावाचे विडंबन करून तो केवळ चुकीचा अर्थबोध असल्याचे सुचविले. जीवरसायनतज्ज्ञ डेरेक बर्क यांनी शुद्धीकरणाचे दीर्घ प्रयत्न केले. दुसरी अडचण प्रजातिविशिष्टतेची होती. कोंबडीचे इंटरफेरॉन मानवी पेशींवर उपयोगी पडत नव्हते. माकडाच्या पेशींपासून मिळविलेले इंटरफेरॉन १९६२ मधील एका चाचणीत स्वयंसेवकांच्या त्वचेवर देवीच्या लसीच्या विषाणूविरुद्ध काही प्रमाणात प्रभावी ठरले. मात्र पुढे सर्दीवर त्याचा अपेक्षित परिणाम दिसला नाही. मानवासाठी मानवी इंटरफेरॉनच हवे, हे स्पष्ट होत गेले. पण ते पुरेशा प्रमाणात मिळविण्याचा मार्ग तेव्हा उपलब्ध नव्हता.

अखेरची वर्षे

या काळात आयझॅक्स यांना नैराश्याच्या विकाराने ग्रासले. १९६४ च्या प्रारंभी त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. तरीही इंटरफेरॉनवरील संशोधन त्यांनी सोडले नाही. १९६६ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवड झाली. पुढील वर्षी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शुद्ध इंटरफेरॉन त्यांना अखेरपर्यंत पाहता आले नाही.

कार्याचे महत्त्व

फिनलंडमध्ये कारी कांटेल यांनी रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून मानवी इंटरफेरॉन मिळविले. परंतु मोठ्या प्रमाणातील रक्तापासूनही ते अत्यल्पच हाती येई. ही कोंडी पुनःसंयोजी डीएनए तंत्रज्ञानाने फोडली. १९७९-८० च्या सुमारास जपानमध्ये तादात्सुगु तानिगुची यांनी आणि झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने मानवी इंटरफेरॉनची जनुके वेगळी केली. असे जनुक ई. कोलाय या जीवाणूत घातले की जीवाणू मानवी प्रथिन तयार करू लागतो. इंटरफेरॉन हे एकच द्रव्य नसून प्रथिनांचे कुटुंब आहे, हेही आता निर्विवाद झाले. १९८६ मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या रक्तकर्करोगावर इंटरफेरॉन आल्फाच्या वापरास मान्यता मिळाली.

पुनःसंयोजी मानवी सायटोकाइन आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरले जातात. इंटरफेरॉनची क्रियाशीलता ठरविण्याची एक प्रचलित पद्धत म्हणजे पेशींना ते वेगवेगळ्या प्रमाणात देऊन नंतर विषाणूचा संसर्ग करणे आणि किती पेशी वाचल्या ते मोजणे. आयझॅक्स आणि लिंडेनमान यांच्या मूळ प्रयोगाचे तत्त्व या पद्धतीत कायम आहे.