दोन मुलखांचे नामदेवराय

आषाढी एकादशीचा सोहळा आटोपून वारकरी परतीच्या वाटेला लागतात आणि पाठोपाठ आषाढ वद्य त्रयोदशी येते. हा श्रीसंत नामदेवरायांचा समाधिदिन. पंढरीच्या महाद्वारी त्यांच्या पायरीपुढे हात जोडताना आम्हांस दरवर्षी स्मरण होते ते दूर पंजाबातील घुमान गावाचे. गुरुदासपूर जिल्ह्यातील त्या गावीही नामदेवांची समाधी आहे, आणि तेथील भाविक ती तितक्याच प्रेमाने पूजितात. एका संताच्या दोन समाध्या! दोन मुलखांनी ज्याला आपले मानले, त्याच्याच वाट्यास हे भाग्य यावयाचे.

परंतु हे भाग्य सहजी लाभलेले नव्हे. नामदेवांचा जन्म १२७० मधील. पिता दामाशेटी, माता गोणाई. कुळीचा व्यवसाय शिंप्याचा. बालपणापासून त्यांस विठ्ठलाचा छंद. तरीही औंढ्या नागनाथाच्या देवळात कीर्तनास उभे राहिले असता त्यांना उठविण्यात आले, ते देवळामागे जाऊन भजन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. आम्ही कीर्तनकार देऊळ फिरल्याचा गजर करतो. मात्र टाळ उचलून मुकाट्याने मागे गेलेल्या नामदेवांच्या अंतःकरणास काय वाटले असेल, हे क्वचितच सांगतो. परकेपण भोगण्यासाठी परमुलखातच जावे लागते असे नाही.

१२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. ज्यांच्या संगतीत तीर्थयात्रा केली तो सुहृद गेला. पाठोपाठ त्यांची भावंडेही गेली. पुढे नामदेव उत्तरेस निघाले. आयुष्यातील सुमारे २० वर्षे त्यांनी पंजाबात घालविली, असे मानले जाते. तेथे बोली निराळी, अन्न निराळे, रीतिरिवाज निराळे. आणि चंद्रभागेचे वाळवंट शेकडो कोस मागे राहिलेले.

तेथे त्यांस आधार मिळाला तो साध्यासुध्या माणसांचा. बहोरदास, जाल्लो, लद्धा अशा शिष्यांची नावे तिकडच्या परंपरेने जपली आहेत. अनोळखी पांथस्थाचे भजन त्यांनी ऐकले, त्यास आपल्यात बसविले. आणि नामदेवांनी काय केले? त्यांनी त्या लोकांच्या बोलीत पदे रचली. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात, म्हणजे आजच्या श्रीगुरुग्रंथसाहिबात, नामदेवांची ६१ पदे आहेत.

त्या पदांतील दोन गोष्टी आमच्या मनास फार भिडतात. भाषा बदलली, पण विठ्ठलाचे नाव बदलले नाही; ते ‘बीठल’ होऊन त्या ग्रंथात विराजमान आहे. दुसरी गोष्ट अशी की, देवळातून उठविल्याची आणि देऊळ फिरल्याची कथाही त्या पदांत आहे. नव्या मुलखात नामदेवांनी आपली जात लपविली नाही, आपला अपमानही झाकला नाही. जे सोसले ते ऐकणाऱ्यांच्याच बोलीत सांगितले, आणि ऐकणाऱ्यांनी ते शतकानुशतके जिवापाड जपले. आपल्या माणसांनी जेथून उठविले त्याची आठवण परक्या माणसांनी पूज्य मानली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

२०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा मराठी माणूस जणू आपल्याच थोरल्या बंधूच्या घरी गेला.

वाचकहो, आज आपल्या कित्येक घरांतील मुले-मुली दूरदेशी आहेत. त्यांनी देव्हाऱ्यातील नाव सोडू नये आणि शेजाऱ्याची भाषा मनापासून शिकावी, एवढे नामदेवांच्या चरित्रातून अवश्य घ्यावे. परंतु आपण जे घरी राहिलो, त्यांच्यासाठीही येथे बोध आहे. पोटासाठी परप्रांतातून आलेला कोणी आपल्या भजनाच्या कडेला संकोचून उभा राहिला, तर त्यास उठवावे की सरकून जागा द्यावी? औंढ्याचे देऊळ कोणाकडे फिरले, हे आपण जाणतोच.