नानाभाई मूस : अखंड नोंदींचे राखणदार

मांडवीच्या किनाऱ्यावर वारा जोराचा सुटला म्हणजे लाटा कशा उसळतात, हें आमच्या बालवाचकांनीं पुष्कळदां पाहिलें आहे. पृथ्वीभोंवतींही चुंबकशक्तीचें एक अदृश्य आवरण आहे. सूर्याकडून विद्युद्भारित कणांचा वारा सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर वेगानें त्यावर सदैव वाहतो. कधीं कधीं हा वेग ६०० ते ८०० पर्यंत चढतो, तेव्हां त्या आवरणाच्या कडांवर मंद लाटा उठतात. त्यांतील एका जातीच्या लाटेचें एक आंदोलन पुरें होण्यास अडीच ते दहा मिनिटें लागतात, आणि जमिनीवरील चुंबकसूची त्याबरोबर किंचित् थरथरते. अशा थरथरीची नोंद आपल्या कोंकणांतच, अलिबाग येथें होत असते. ती वेधशाळा ज्यांनीं उभारली, त्या नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

नानाभाईंचा जन्म १८५९ सालीं झाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालें, व मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत त्याची नोंद झाली. पुण्यास व पुढें एडिंबरो येथें शिक्षण घेऊन नानाभाई १८९६ सालीं त्याच वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक झाले.

तेथें १८४६ पासून चुंबकसूचीचीं निरीक्षणें नियमानें चाललीं होतीं. परंतु मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होण्याचा बेत ठरला. त्यांच्या प्रवाहानें सूची हलली असती, आणि कोणती हालचाल आकाशाची व कोणती ट्रामची हें ओळखतां आलें नसतें. अर्धशतकाहून अधिक काळ जपलेली मालिका तुटण्याची वेळ आली. नानाभाईंनीं शहराशीं भांडत न बसतां खाडीपलीकडे अलिबाग येथें जागा निवडली आणि लोखंडाचा उपयोग टाळून इमारत उभारली. १९०४ ते १९०६ हीं दोन वर्षें त्यांनीं दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, म्हणून जुन्या व नव्या आंकड्यांचा सांधा बिनचूक जुळला. १९०७ सालीं ट्राम धांवूं लागली, तोंवर सूची सुरक्षित स्थळीं पोंचली होती. १९१० सालीं १८४६ ते १९०५ पर्यंतच्या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे दोन ग्रंथ त्यांनीं प्रसिद्ध केले.

नानाभाई १९३६ सालीं निवर्तले. सूर्याकडून असा वारा अखंड वाहतो हा सिद्धान्त १९५८ सालीं मांडला गेला. पुढें अवकाशयानांनीं तो खरा ठरविला. म्हणजे सूची कोणत्या वाऱ्यानें हालते, हें त्यांस कधींच कळलें नाहीं. तरी १८५९ चें वादळ किती मोठें होतें, हें ठरविण्यास आजचे शास्त्रज्ञ कुलाब्याचीच नोंद काढून पाहतात. आणि कृत्रिम उपग्रहांस अपाय करणारे वेगवान् कण ह्या मंद लाटांमुळें कसे बळावतात, ह्याचा शोध अशाच नोंदींच्या आधारें चालतो.

आपल्या कामाचें फळ आपणांस दिसलेंच पाहिजे असा हट्ट नानाभाईंनीं धरला नाहीं; नोंद खरी आणि अखंड राहावी, एवढाच धरला. रोजची वही टापटिपीनें लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ह्या चरित्रांतून एवढें जरी घेतलें, तरी आम्ही कृतार्थ होऊं.