चर्चिलने ऐन महायुद्धात ज्याचं पुस्तक उघडायला सांगितलं, तो शब्दांचा मास्तर : हेन्री फाउलर

साल होतं १९४४. दुसरं महायुद्ध शेवटच्या टप्प्यात आलं होतं आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवायची जोरदार तयारी चालू होती. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्यापुढे रोज कागदांचा ढीग यायचा. त्यातला एक कागद वाचताना चर्चिल एका शब्दावर अडले.

लिहिणाऱ्याने 'इंटेन्सिव्ह' असा शब्द वापरला होता. चर्चिल यांचं म्हणणं होतं की इथे 'इंटेन्स' पाहिजे. त्यांनी थेट लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या संचालकाला चिठ्ठी धाडली आणि सांगितलं, या दोन शब्दांतला फरक फाउलरच्या पुस्तकात बघून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, लाखो सैनिकांचा जीव टांगणीला लागलेला असताना हा माणूस शब्दांचा कीस काढत बसला होता?

पण फरक समजून घ्या. 'इंटेन्स' म्हणजे तीव्र. विदर्भातलं मे महिन्यातलं ऊन इंटेन्स असतं. 'इंटेन्सिव्ह' म्हणजे ठरावीक जागेवर किंवा ठरावीक वेळात सगळी ताकद एकवटणं. एका एकरात जीव ओतून जास्तीत जास्त पीक काढलं तर ती इंटेन्सिव्ह शेती. आयसीयूमधला 'आय'सुद्धा याच शब्दाचा, कारण तिथे एकेका पेशंटवर सगळं लक्ष एकवटलेलं असतं. युद्धाच्या कागदात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी गेले, तर वाचणारा वेगळाच अर्थ घेऊ शकतो.

असे फरक आयुष्यभर शोधत बसलेला हा फाउलर होता तरी कोण?

डिग्री न घेताच ऑक्सफर्ड सोडलं

हेन्री वॉटसन फाउलर यांचा जन्म १० मार्च १८५८ चा, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या टनब्रिज गावचा. वडील पाद्री आणि शाळामास्तर. आठ भावंडांत हेन्री थोरले. १८७९ मध्ये वडील गेले आणि विशीतल्या हेन्रीवर घराची जबाबदारी येऊन पडली.

रग्बी या नामांकित शाळेतून ते ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात गेले. लॅटिन आणि ग्रीक या भाषांवर हुकूमत, पण धर्मशास्त्राच्या सक्तीच्या पेपरात गाडी अडली. १८८१ मध्ये डिग्री हातात न घेताच त्यांनी ऑक्सफर्ड सोडलं. ती डिग्री मिळायला १८८६ साल उजाडलं.

तोवर ते सेडबर्ग नावाच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झाले होते. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली ही निवासी शाळा. लॅटिन, ग्रीक आणि इंग्रजी शिकवत त्यांनी तिथे १७ वर्षं काढली. स्वभावाने बुजरे, शिस्तीचे एकदम पक्के. पहाटे धावायचं आणि थंड पाण्यात पोहायचं हा नेम त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही.

एका 'नाही'ची किंमत : नोकरी

शाळेत त्यांना हाउसमास्टर व्हायची संधी आली. हाउसमास्टर म्हणजे वसतिगृहाचा प्रमुख. मान मोठा, कमाईही चांगली. पण त्यात एक मेख होती. मुलांची 'कन्फर्मेशन' या ख्रिस्ती विधीसाठी तयारी करून घेणं हा हाउसमास्टरच्या कामाचा भाग होता.

फाउलर यांचा धर्मावरचा विश्वास तोवर उडाला होता. जे आपल्यालाच पटत नाही ते पोरांना कसं शिकवायचं, हा त्यांचा साधा सवाल होता. कुणी दुसरा असता तर तोंडदेखलं चार शब्द बोलून पद घेतलं असतं. फाउलर यांना ते जमेना. हेडमास्तरांशी मतभेद झाले आणि १८९९ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यांनी राजीनामा दिला.

या माणसाचं पुढचं सगळं काम समजून घ्यायचं तर हा प्रसंग लक्षात ठेवा. आपण जे बोलतो तेच आपल्याला म्हणायचं असलं पाहिजे, ही अट त्यांनी आधी स्वतःला लावली. इंग्रजी भाषेला नंतर.

टोमॅटोचा मळा आणि दोन भाऊ

राजीनाम्यानंतर फाउलर लंडनला आले. वर्तमानपत्रांना लेख लिहायचे आणि जेमतेम कमाईत भागवायचे, असं चाललं होतं. १९०३ मध्ये त्यांनी लंडनही सोडलं आणि इंग्लिश खाडीतलं गर्न्सी बेट गाठलं. कारण होतं धाकटा भाऊ फ्रँक.

फ्रँक त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तोही शिकलासवरलेला, पण गर्न्सीवर टोमॅटो पिकवत होता. दोघा भावांची घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. दिवसभर आपापलं काम करायचं, मग लिहिलेलं एकमेकांना दाखवायचं आणि एकेका शब्दावरून वाद घालायचे.

आधी दोघांनी लुशियन या प्राचीन ग्रीक लेखकाचं चार खंडांत भाषांतर केलं. मग १९०६ मध्ये आलं 'द किंग्ज इंग्लिश'. नामांकित वर्तमानपत्रं आणि मोठमोठे लेखक इंग्रजी लिहिताना कुठे घसरतात, हे त्यात छापील उदाहरणं देऊन दाखवलं होतं. म्हणजे बेटावर राहणारा निवृत्त मास्तर आणि टोमॅटोवाला लंडनच्या संपादकांच्या चुका काढत होते. पुस्तक गाजलं.

याच पुस्तकात त्यांनी एका सवयीला नाव दिलं, 'एलिगंट व्हेरिएशन'. एकच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून ओढूनताणून दुसरा शब्द घालायचा, ती ही सवय. मराठी बातम्यांतही ती सापडते. पहिल्या ओळीत 'बिबट्या', दुसऱ्या ओळीत 'हा वन्यप्राणी', तिसऱ्या ओळीत 'हिंस्र श्वापद'. वाचणाऱ्याला कळेना की गावात एक जनावर शिरलंय की तीन. फाउलर बंधूंचं सांगणं होतं की गोष्ट तीच असेल तर शब्दही तोच ठेवा. शब्द बदलला की वाचणारा अर्थही बदलला असं समजतो.

१९११ मध्ये दोघांनी 'कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी' तयार केली. ऑक्सफर्डचा तो सुप्रसिद्ध महाकोश तेव्हा अर्धवट होता, तो पूर्ण झाला १९२८ मध्ये. त्यामुळे शेवटच्या अक्षरांसाठी दोघा भावांना महाकोशाचा आधारच नव्हता. ते शब्द त्यांनी आपल्या बळावर उभे केले.

मधल्या काळात हेन्रींचं लग्नही झालं. बेटावर शुश्रूषागृह चालवणाऱ्या जेसी विल्स यांच्याशी. लग्नाची तारीख होती १० मार्च १९०८. त्या दिवशी नवरदेवाने पन्नाशी गाठली होती.

काटेकोर माणसाचं एक खोटं

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. दोघा भावांनी पुढच्या कोशांचे आणि एका मोठ्या पुस्तकाचे बेत आखले होते. ते सगळं बाजूला ठेवून १९१५ मध्ये दोघे सैन्यात भरती झाले.

हेन्री तेव्हा ५७ वर्षांचे होते. एवढ्या वयाच्या माणसाला कोण घेणार? त्यांनी वय सांगितलं ४४. स्वतःला न पटणारं एक वाक्य बोलायला लागू नये म्हणून नोकरी सोडणारा माणूस, लढायला मिळावं म्हणून सरळ खोटं बोलला.

फ्रान्सला पोहोचल्यावर मात्र भलतंच घडलं. वय दिसतच होतं. त्यांना आघाडीवर पाठवण्याऐवजी भांडी घासणं, कोळसा वाहणं अशी कामं दिली गेली. दोघांनी वरिष्ठांकडे लेखी अर्ज केला की आम्हाला लढायला पाठवा, नाहीतर घरी जाऊ द्या. शेवटी तब्येतीने साथ सोडली आणि १९१६ मध्ये हेन्री परतले.

फ्रँकला सैन्यात असताना क्षयाने गाठलं. १९१८ मध्ये तो गेला.

पंधरा वर्षं ज्याच्याशी एकेका शब्दावरून वाद घातला, तो माणूस आता नव्हता. मोठ्या पुस्तकाचा आराखडा दोघांनी मिळून केला होता. ते आता एकट्या हेन्रींना लिहायचं होतं.

जोड्या आणि सापळे

ते पुस्तक १९२६ मध्ये आलं, 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज'. लोक त्याला नुसतं 'फाउलर' म्हणू लागले. चर्चिल यांनी चिठ्ठीत ज्याचा उल्लेख केला ते हेच.

त्यात 'पेअर्स अँड स्नेअर्स' नावाची एक नोंद आहे, म्हणजे जोड्या आणि सापळे. एकसारख्या दिसणाऱ्या किंवा जवळच्या अर्थाच्या, लोक हमखास गल्लत करतात अशा शब्दांची यादी. आज बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये अशा शब्दजोड्यांचं एक प्रकरण असतंच.

पुस्तकातल्या तीन जोड्या बघू.

कंटिन्युअल आणि कंटिन्युअस : आठवडाभर रोज दोन-चार सरी येत राहिल्या तर तो कंटिन्युअल पाऊस. मध्ये खंड आहे, पण प्रकार थांबत नाही. रात्रभर एक क्षणही न थांबता कोसळला तर तो कंटिन्युअस. आपल्याकडे या दुसऱ्या पावसाला 'संततधार' असा नेमका शब्द आहे.

मास्टरफुल आणि मास्टरली : दुसऱ्यावर हुकूम गाजवणारा तो मास्टरफुल. कसलेल्या हाताचं काम ते मास्टरली. इथे एक गंमत आहे. आधीच्या इंग्रजीत हे दोन्ही शब्द दोन्ही अर्थांनी चालायचे. फाउलर यांनी ठरवलं की दोन शब्द आहेत तर त्यांना दोन कामं वाटून देऊ. पण लोकांनी ही वाटणी पूर्णपणे काही मानली नाही. आजही चांगल्या कामाला 'मास्टरफुल' म्हणतात आणि कोश ते मान्य करतात.

म्युच्युअल आणि कॉमन : ही जोडी तर तुमच्या मोबाइलवर आहे. म्युच्युअल म्हणजे परस्पर. मी तुझा आदर करतो आणि तू माझा, तर तो म्युच्युअल आदर. तुझा आणि माझा दोघांचाही मित्र असलेला तिसरा माणूस हा फाउलर यांच्या हिशोबाने 'कॉमन' मित्र. पण 'कॉमन' म्हटलं की 'सामान्य, हलका' असाही अर्थ निघतो, म्हणून लोक 'म्युच्युअल'कडे वळले. चार्ल्स डिकन्स यांनी १८६४ मध्येच कादंबरीच्या नावात तो वापरला होता. आज फेसबुकवर 'म्युच्युअल फ्रेंड्स'चा आकडा दिसतो, म्हणजे ही लढाई फाउलर हरले असं समजायला हरकत नाही.

मग हा माणूस नुसता नियमांचा हट्टी होता का?

तसं वाटेल, पण उलटही बरंच आहे. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येता कामा नये, असा एक नियम इंग्रजी शिकवताना सांगितला जायचा. फाउलर यांनी त्याला अंधश्रद्धा ठरवलं. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द आला की नाक मुरडणाऱ्यांचीही त्यांनी मजेत खिल्ली उडवली. त्यांची कसोटी एकच होती : वाचणाऱ्याला अर्थ नेमका कळतो का? नियमाने त्याला मदत होत असेल तर तो पाळा, नसेल तर सोडा.

आपण मराठीत हे न शिकता करतोच. ऊस तोडतो, भाजी चिरतो, केस कापतो. क्रिया जवळपास तीच, पण 'केस तोडले' म्हटलं तर ऐकणारा दचकेल. जन्मापासून ऐकलेल्या भाषेत हा कान आपोआप तयार होतो. बाहेरून शिकलेल्या भाषेत तो कुणीतरी घडवून द्यावा लागतो. फाउलर यांचं पुस्तक जगभर पसरलं त्याचं एक कारण हेच.

शेजाऱ्याचं तळं आणि नको असलेला नोकर

पुस्तक आलं तेव्हा फाउलर ६८ वर्षांचे होते आणि सॉमरसेटमधल्या हिंटन सेंट जॉर्ज या खेड्यात राहत होते. ऑक्सफर्डच्या प्रकाशकांनी त्यांना सुचवलं की आता वय झालं, घरात एक नोकर ठेवा, पैसे आम्ही देतो. फाउलर यांनी नकार कळवला. रोज सकाळी दोन मैल धावतो, शेजाऱ्याच्या तळ्यात पोहतो, घरची कामं स्वतः करतो, नोकराला काय काम देऊ, असा त्यांचा सूर होता.

१९३० मध्ये जेसी गेल्या. २६ डिसेंबर १९३३ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, हेन्री फाउलर यांचं निधन झालं.

त्यांचं पुस्तक मात्र थांबलं नाही. १९६५, १९९६ आणि २०१५ मध्ये नव्या संपादकांनी ते सुधारलं. त्यांनी फाउलर यांची कितीतरी मतं बदलली, काही खोडलीही. २००९ मध्ये १९२६ ची मूळ आवृत्ती जशीच्या तशी पुन्हा छापली गेली, कारण लोकांना फाउलर यांचाच आवाज वाचायचा होता.

त्या मूळ आवृत्तीच्या सुरुवातीला अर्पणपत्रिका आहे, फ्रँकच्या नावाने. त्यात हेन्री लिहितात की भावाची बुद्धी आपल्यापेक्षा चपळ होती, प्रमाणाचं भान अधिक होतं आणि मन अधिक मोकळं होतं. तो असता तर हे पुस्तक आणखी चांगलं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. उगाच शोभेसाठी शब्द वापरणाऱ्यांतला हा माणूस नव्हता. त्यामुळे ही अर्पणपत्रिका औपचारिकता म्हणून वाचू नका, त्यातला शब्दन् शब्द खरा धरा.