आयव्हन मॅगिल

सर आयव्हन व्हाइटसाइड मॅगिल (२३ जुलै १८८८ – २५ नोव्हेंबर १९८६) हे इंग्लंडमध्ये कार्य केलेले आयरिश भूलतज्ज्ञ होते. श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. फुप्फुसांवरील शस्त्रक्रिया सुरक्षित होण्यास त्यांच्या कार्याचे मोलाचे साहाय्य झाले.

जीवन

मॅगिल यांचा जन्म आयर्लंडच्या उत्तर भागातील लार्न येथे झाला. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून १९१३ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात डॉक्टर होते. युद्धानंतर त्यांची नेमणूक सिडकप येथील क्वीन्स रुग्णालयात झाली. तेथे हॅरॉल्ड गिलिस हे चेहऱ्यावर जबर जखमा झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत. अशा रुग्णाच्या तोंडावर भुलीचा मुखवटा ठेवला, तर शल्यविशारदाला काम करण्यास जागाच उरत नसे. भूलशास्त्राचे विशेष शिक्षण नसतानाही मॅगिल यांनी सहकारी स्टॅन्ली रोबोथम यांच्यासह यावर उपाय शोधला. प्रारंभी बारीक नळ्या वापरून पाहिल्यावर, रुग्णाला आत-बाहेर श्वास घेता येईल अशी एकच रुंद रबरी नळी त्यांनी श्वासनलिकेत बसविली.

छातीच्या शस्त्रक्रियेतील कार्य

छाती उघडताच बाहेरील हवा आत शिरते आणि त्या बाजूचे फुप्फुस आकसते. शिवाय रोगग्रस्त फुप्फुसातील पू, रक्त व कफ निरोगी फुप्फुसात उतरण्याची भीती असते. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या काळात हे बहुधा जिवावर बेतत असे. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण दगावे. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात काम करताना मॅगिल यांनी १९३० च्या दशकात यासाठी साधने तयार केली. एका नळीने निरोगी फुप्फुसाचा श्वास चालू ठेवता येई, तर फुगा असलेल्या दुसऱ्या साधनाने रोगट बाजूची श्वासवाहिनी बंद करता येई. त्याच दशकात, १९३३ मध्ये, अमेरिकेतील एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी संपूर्ण फुप्फुस काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. अशा शस्त्रक्रियांनंतर रुग्णाची सारी भिस्त उरलेल्या फुप्फुसावर असल्याने, ते स्वच्छ व कार्यक्षम राखणे हे भूलतज्ज्ञाचे मुख्य कर्तव्य ठरले. पुढे दोन मार्गांची नळी प्रचारात आली. तिच्या मुळाशीही दोन्ही फुप्फुसे वेगळी राखण्याचेच तत्त्व आहे.

सन्मान आणि वारसा

१९३५ मध्ये इंग्लंडमध्ये भूलशास्त्राची स्वतंत्र पदविका सुरू करण्यात मॅगिल यांचा पुढाकार होता. १९६० मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. नळीला दिशा देण्यासाठी त्यांनी तयार केलेला वाकडा चिमटा 'मॅगिल फोर्सेप्स' या नावाने आजही शस्त्रक्रियागृहांत वापरला जातो.