रविवारची सुट्टी मिळवून देणारा माणूस : नारायण मेघाजी लोखंडे

रविवार आला की शाळा बंद, बँक बंद, तहसील कचेरी बंद. कॅलेंडरवर लाल रंगात छापलेला हा दिवस आपल्याला इतका अंगवळणी पडलाय की तो कुणीतरी भांडून मिळवला असेल, असं मनातही येत नाही. अनेकांना वाटतं, साहेब लोक चर्चला जायचे, त्यांच्याबरोबर आपल्यालाही सुट्टी लागू झाली. सरकारी कचेऱ्यांपुरतं ते खरंही आहे. पण मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाला रविवार कुणी आपणहून दिला नाही. त्यासाठी सहा वर्षं सभा घ्याव्या लागल्या, अर्ज करावे लागले, सह्या गोळा कराव्या लागल्या. हे काम ज्यांनी पुढं होऊन केलं, त्यांचं नाव नारायण मेघाजी लोखंडे.

आज दुकानं रविवारी आणि सणासुदीला किती वेळ उघडी ठेवायची, यावर शहरात आणि तालुक्याच्या बाजारपेठेतही चर्चा होते. अशा वेळी लोखंडे यांचं आयुष्य पुन्हा एकदा समजून घेण्यासारखं आहे.

कन्हेरसरचं घराणं, ठाण्याचं बालपण

लोखंडे यांचं घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. जातीनं माळी, परिस्थितीनं गरीब. पोटापाण्यासाठी हे कुटुंब ठाण्याला गेलं आणि तिथं १८४८ साली नारायणरावांचा जन्म झाला. ठाण्यातच त्यांनी मॅट्रिकपर्यंत शिक्षण घेतलं. त्या काळी बहुजन समाजातल्या पोरानं मॅट्रिकपर्यंत पोहोचणं ही साधी गोष्ट नव्हती. पण पुढं शिकायला घरची परिस्थिती नव्हती. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली. त्यानंतर मुंबईच्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले.

ही नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. स्टोअरकीपर म्हणजे गोदाम सांभाळणारा, हिशेब ठेवणारा पांढरपेशा माणूस. अंगावर कापूस उडत नाही, हात मशीनमध्ये जात नाही. पण समोर जे चाललंय ते रोज डोळ्यांना दिसतं. लोखंडे यांनी ते पाहिलं, आणि पाहून गप्प बसले नाहीत.

गिरणीतला दिवस

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहायला लागली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. कोकणातून, घाटावरून, पुणे-सातारा भागातून माणसं कामाला आली. दुष्काळानं, सावकारीनं जमीन हातची गेलेले कितीतरी शेतकरी त्यात होते. गावाकडं शेत, मुंबईत खोली, अशी दोन टोकांची ओढाताण तेव्हापासूनची.

गिरणीत विजेचे दिवे अजून आलेले नव्हते. त्यामुळं उजाडलं की भोंगा आणि अंधार पडला की सुटका. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. तेरा-चौदा तास उभ्यानं काम. दुपारच्या जेवणाला ठरलेली वेळ नाही. मशीन चालू असतानाच दोन घास खायचे. पगार महिना उलटून गेला तरी हातात पडेलच याचा भरवसा नाही. मशीनमध्ये हात गेला, बोट तुटलं, तर काम गेलं आणि भरपाईही नाही.

आणि सुट्टी? मोठ्या सणाला गिरणी बंद राहायची, तेवढीच. रविवारी गिरणी बंद ठेवली, तरी मशीनची साफसफाई करायला कामगारांना बोलवायचे. त्यात अर्धा दिवस जायचा. म्हणजे मशीनला विश्रांती, माणसाला नाही.

शेतकऱ्याला यातली विसंगती लगेच कळेल. आपल्याकडं पुष्कळ गावांत सोमवारी बैलाला औताला जुंपत नाहीत. पोळ्याला त्याच्या खांद्याला तूप-हळद लावतात, पुरणपोळीचा घास देतात. मुक्या जनावरालाही विश्रांती लागते, हे गावानं कधीच मान्य केलं होतं. गिरणीनं ते माणसाबाबत मान्य केलं नव्हतं.

फुल्यांची शिकवण आणि दीनबंधू

लोखंडे हे महात्मा जोतिराव फुले यांचे सहकारी. फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. मुंबईत तो रुजवण्यात लोखंडे यांचा मोठा वाटा होता. पुढं ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाड्यात जोतिरावांना महात्मा ही पदवी जाहीर सभेत देण्यात आली. त्या कामातही लोखंडे पुढं होते.

सत्यशोधकांचं दीनबंधू नावाचं वर्तमानपत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलं होतं. पैशांअभावी ते चालवणं त्यांना अवघड झालं. १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईत आणलं आणि शेवटपर्यंत चालवलं. शेतकऱ्याची आणि कामगाराची बाजू मांडणारी वर्तमानपत्रं तेव्हा जवळपास नव्हतीच. दीनबंधूनं गिरणीच्या भिंतीआड काय चालतं ते छापायला सुरुवात केली.

पहिली संघटना, पहिला अर्ज

१८८१ साली इंग्रज सरकारनं कारखान्यांचा पहिला कायदा केला. पण तो प्रामुख्यानं लहान मुलांपुरता. सात वर्षांच्या आतल्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. मोठ्या माणसांच्या आणि बायकांच्या कामाच्या तासांना त्यात काहीच मर्यादा नव्हती.

१८८४ साली मुंबई सरकारनं गिरण्यांची परिस्थिती पाहण्यासाठी एक कमिशन नेमलं. लोखंडे यांनी ही संधी साधली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संस्था उभी केली. देशातली कामगारांची पहिली संघटना म्हणून तिचा उल्लेख होतो. आजच्या युनियनसारखी वर्गणी, पावती, घटना असं काही तिच्याकडं नव्हतं. पण एकेकटा कामगार जे बोलू शकत नव्हता, ते ती सगळ्यांच्या वतीनं बोलू शकत होती.

सभेत ठरलेल्या मागण्या अगदी साध्या होत्या. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास जेवणाची सुट्टी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटाची सोय. या अर्जावर साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्या होत्या. अनेकांना अक्षरओळखही नसताना एवढ्या सह्या-अंगठे गोळा करायचे, तेही कामावरून काढून टाकतील या भीतीच्या सावलीत, म्हणजे किती चाळी पालथ्या घातल्या असतील याचा अंदाज करावा.

रविवारच मागण्यामागंही कारण होतं. सरकारी कचेऱ्यांना तो दिवस आधीच सुट्टीचा होता. आणि घाटावरून आलेल्या कितीतरी कामगारांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. रविवार हा खंडोबाचा वार. त्यामुळं साहेबालाही समजेल आणि कामगारालाही आपला वाटेल, असा तो दिवस होता.

मालकांचं म्हणणं आणि लोखंडे यांची अडचण

मालकांचं म्हणणंही समजून घ्यायला हवं. मुंबईचं सूत परदेशी बाजारात विकलं जात होतं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना ही स्पर्धा खुपत होती, आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांवर कायदे लादा असा लकडा त्यांनी सरकारकडं लावला होता. त्यामुळं इथल्या मालकांना कामगार कायदा म्हणजे परक्यांचा डाव वाटायचा. आपल्या मोठमोठ्या पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनीही मालकांची बाजू घेतली. देशी धंदा वाचला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता.

लोखंडे यांची अडचण इथं होती. कामगारांची बाजू घ्यावी तर देशी धंद्याचा शत्रू ठरवलं जायचं. पण लँकेशायरचा हेतू काहीही असो, तेरा तास उभा राहणारा माणूस थकतो ही गोष्ट खोटी ठरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. ते मागणीवर ठाम राहिले.

आणखी एक गोष्ट होती. एखाद्या मालकाला सुट्टी द्यावीशी वाटली, तरी शेजारची गिरणी चालू राहिली तर आपला माल मागं पडेल, ही त्याला भीती. म्हणजे एकट्यानं चांगलं वागायची सोय नव्हती. सुट्टी द्यायची तर सगळ्यांनी एकदम द्यायला हवी होती.

१० जून १८९०

पुढची काही वर्षं सभा आणि अर्ज चालूच राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीजवळच्या मैदानात दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. या सभेत दोन स्त्री कामगारही उठून बोलल्या. ज्या काळात बाईनं चार माणसांत तोंड उघडणं मोठं धाडस होतं, त्या काळातली ही गोष्ट. सभेनं आठवड्याच्या सुट्टीचा अर्ज गिरणी मालकांच्या संघटनेकडं पाठवला.

१० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेनं दर रविवारी सुट्टी देण्याचं मान्य केलं. सगळ्यांनी एकत्र निर्णय घेतल्यामुळं कुणा एकाला तोटा होण्याचा प्रश्न उरला नाही. त्याच वर्षी सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामात कामगारांच्या बाजूनं लोखंडे यांना घेण्यात आलं. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी आली, बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली आणि नऊ वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायला बंदी झाली. पुरुषांच्या कामाच्या तासांना मर्यादा यायला मात्र १९११ साल उजाडावं लागलं.

शेवटपर्यंत लोकांत

लोखंडे फक्त गिरणीपुरते थांबले नाहीत. विधवांचं केशवपन करायचं नाही, असा निर्धार मुंबईच्या नाभिक बांधवांनी केला, त्यामागं त्यांची प्रेरणा होती. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तेव्हा राणीच्या बागेत दोन्ही समाजांना एकत्र आणणारा मेळावा घेण्यात त्यांचा पुढाकार होता. सरकारनं त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. सुरुवात झाली ती मांडवीतूनच. ज्यांना जमलं ते मुंबई सोडून पळाले. लोखंडे थांबले, रुग्णांसाठी दवाखाना उभा करण्याच्या कामाला लागले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर महिनाभरानं, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. भारत सरकारनं २००५ साली लोखंडे यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. मुंबईत परळला असलेल्या राज्याच्या श्रमविज्ञान संस्थेलाही त्यांचं नाव आहे.

गिरणीचा रविवार दुकानापर्यंत आला का?

१८९० चा रविवार गिरणी कामगारांचा होता. दुकानातल्या नोकराला त्यासाठी आणखी पन्नास वर्षं वाट पाहावी लागली. दुकानांसाठीचा कायदा मुंबई प्रांतात १९३९ साली झाला, नंतर १९४८ साली त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. यालाच आपण गुमास्ता कायदा म्हणतो. त्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचं आणि ठरलेल्या वेळी शटर ओढायचं बंधन होतं.

२०१७ च्या कायद्यानं हे बदललं. दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवता येतं; पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी दिलीच पाहिजे. म्हणजे सुट्टी दुकानाची नाही, माणसाची. लोखंडे यांची मागणीही मुळात हीच होती. त्यांना गिरणी बुडवायची नव्हती, माणूस वाचवायचा होता.

प्रश्न राहतो तो खेड्यातल्या छोट्या दुकानांचा. हा कायदा आला तेव्हा दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना लागू झाला. गावातलं किराणा दुकान, कृषी सेवा केंद्र, मोबाइलचं दुकान, स्टँडवरचं हॉटेल इथं एक-दोन पोरं कामाला असतात. त्यांची सुट्टी मालकाच्या मनावर. रविवारी गिऱ्हाईक जास्त, कारण नोकरीवाले गावी आलेले असतात, बऱ्याच गावांचा आठवडे बाजारही रविवारी भरतो. सणाला तर विचारायलाच नको. पेरणीच्या दिवसांत खताचं दुकान बंद असलं तर शेतकऱ्याचीही खोटी होते. त्यामुळं दुकानं उघडी राहावीत, यात गावाचं हित आहे हे मान्य करावंच लागेल.

पण ज्या पोराच्या जिवावर दुकान उघडं राहतं, त्याला रविवार नाही तर मंगळवार तरी मिळतो का, हे गिऱ्हाइकानंही विचारायला हवं. मालक म्हणेल, शेजारचा उघडतो म्हणून मलाही उघडावं लागतं. गिरणी मालकही हेच म्हणत होते. त्यावरचा उपायही तेव्हाचाच आहे. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून आठवड्याचा एक दिवस ठरवावा, नाहीतर आळीपाळीनं पोरांना सुट्टी द्यावी. यात खर्च फार नाही, फक्त सगळ्यांनी एकदम ठरवावं लागतं.

येत्या १० जूनला रविवार असो वा नसो, निदान तेवढा एक दिवस तरी आपल्या दुकानातल्या पोराला सुट्टी देऊन सुरुवात करता येईल. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांना त्याहून चांगलं अभिवादन दुसरं नाही.